लोहाराचा मुलगा आणि त्याची मोटार

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग उमरगा मागे टाकून कर्नाटकात शिरला, की बसवकल्याण आणि हुमनाबादच्या परिसरात रस्त्याच्या कडेने गॅरेजे दिसू लागतात. वर पत्र्याचे छप्पर, खाली तेलाने काळी पडलेली माती, भिंतीला टेकवून ठेवलेले मडगार्ड आणि मराठी, कन्नड व दखनी अशा तिन्ही भाषांतून एकाच वेळी चाललेला संवाद. बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत, भालकी-औरादपासून आळंदपर्यंत, जुने वाहन भंगारात काढण्याआधी माणसे दहा वेळा विचार करतात. हवामानही त्यांच्या बाजूचे आहे. आपल्या गोव्यात चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या मोटारीचा तळ खाऱ्या, दमट वाऱ्याने चाळणीसारखा होतो. बिदरच्या कोरड्या पठारावर त्याच पत्र्याला गंज चढतो तो सावकाश.

या भागात होंडा हे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले ते मोटारसायकलीमुळे. 1984 साली भारतीय भागीदाराबरोबर कंपनी उभी राहिली, 1985 मध्ये शंभर सीसीची पहिली गाडी बाजारात आली आणि पुढील दोन दशकांत ज्वारी-तुरीच्या शिवारातून जाणाऱ्या कच्च्या वाटांवर ती बैलगाडीइतकीच परिचित झाली. मात्र हे कारखान्याचे नाव नसून एका माणसाचे आडनाव आहे, आणि तो माणूस मूळचा जळालेल्या, गंजलेल्या मोटारी दुरुस्त करणारा एक कारागीर होता, हे त्या गाडीवर बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यानेच 1963 साली एक चिमुकली स्पोर्ट्स कार काढली. आज जगभर अनेक हौशी लोक घरच्या पडवीत तिचे गंजलेले सांगाडे उघडून बसलेले असतात. ती मोटार समजून घ्यायची तर आधी तो माणूस समजून घ्यावा लागतो.

सोइचिरो होंडा यांचा जन्म 17 नोव्हेंबर 1906 रोजी जपानच्या शिझुओका प्रांतात, हामामात्सु शहराजवळच्या कोम्यो या खेड्यात झाला. वडील गिहेई लोहार होते. पुढे त्यांनी सायकलदुरुस्तीचे दुकान काढले. आई मिका हातमागावर विणकाम करी. भाता, ऐरण आणि घण यांच्या आवाजात हा मुलगा वाढला. शाळेत त्याचे मन रमले नाही. प्रगतिपुस्तकावर पालकांचा शिक्का लागे, म्हणून त्याने रबर कोरून वडिलांच्या नावाचा शिक्का तयार केला. होंडा हे आडनाव ज्या दोन चिन्हांनी लिहिले जाते ती डावी-उजवी सारखीच दिसतात, त्यामुळे उलटा कोरलेला शिक्काही सुलटाच उमटला आणि फसवणूक खपून गेली. मित्रांनाही त्याने तसेच शिक्के करून दिले, तेव्हा त्यांची नावे उलटी उमटली आणि बिंग फुटले. पुढील आयुष्यातला होंडा या प्रसंगात पुरता दिसतो: हात चलाख, धीर कमी, नियमांविषयी आदर त्याहून कमी.

गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा तो तिच्या मागे धावत गेला. ती थांबली तेथे जमिनीवर तेल सांडले होते. त्या तेलाचा वास त्याने हाताला लावून घेतला, आणि त्या वासाची आठवण ते म्हातारपणीही सांगत. विमानाची प्रात्यक्षिके पाहण्यासाठी घरातून गुपचूप पैसे घेऊन, वडिलांच्या मोठ्या सायकलवर पाय पुरत नसताना तो हामामात्सुला गेला होता. तिकिटापुरते पैसे नव्हते, म्हणून झाडावर चढून त्याने विमान पाहिले.

शाळा संपताच 1922 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो टोकियोतील आर्ट शोकाई या मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात उमेदवार म्हणून लागला. मालकाचे नाव युझो साकाकिबारा. पहिले कित्येक महिने मोटारीला हात लावायला मिळालाच नाही. मालकाचे मूल सांभाळणे आणि झाडलोट हेच काम. पाठीवर बांधलेल्या मुलाने कपडे ओले केले की इतर उमेदवार हसत. बिदर-कलबुर्गीच्या गॅरेजांतून काम शिकलेल्या कोणाही मिस्त्रीला ही अवस्था नवीन वाटणार नाही. पाना हातात येण्याआधी चहा आणणे आणि रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुणे हा आपल्याकडेही पहिला धडा असतो. बॅग भरून गावी निघून जावे असे सोइचिरोला वाटले, पण वडिलांचा चेहरा आठवून तो राहिला. एका बर्फाळ दिवशी गॅरेजात कामाचा ढीग पडला तेव्हा मालकाने त्याला गाडीखाली जायला सांगितले, आणि तेथून त्याचे शिक्षण सुरू झाले.

1 सप्टेंबर 1923 रोजी दुपारी बाराच्या सुमारास कांतो प्रदेशात महाभूकंप झाला. टोकियो आणि योकोहामा या शहरांचा मोठा भाग भूकंपाहून अधिक आगीने नष्ट झाला. आग गॅरेजाकडे सरकू लागली, तेव्हा ग्राहकांच्या मोटारी बाहेर काढणे भाग होते. सोइचिरोने तोवर कधी गाडी चालवली नव्हती. गर्दीतून वाट काढत त्याने एक मोटार सुरक्षित जागी नेली. सभोवताली शहर जळत असताना आपल्या हातून मोटार चालली याचा आनंद झाला, अशी कबुली त्यांनी पुढे मोकळेपणाने दिली आहे.

गॅरेज जळाले. बहुतेक कामगार आपापल्या गावी परतले. मालक, एक जुना कारागीर आणि सोइचिरो एवढेच राहिले. आगीत सापडलेल्या मोटारी शहरात ठिकठिकाणी पडून होत्या आणि त्या दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणे हाच आता धंदा झाला. जळालेली मोटार म्हणजे काय, याची कल्पना केली पाहिजे. रंग उडालेला असतो आणि उघडा पडलेला पत्रा पहिल्याच पावसात तांबूस होतो. गादी, रबर, लाकूड यांची राख झालेली असते. स्प्रिंगांचे पाणी उतरलेले असते, म्हणजे उष्णतेने त्यांचा ताठा गेलेला असतो. त्या काळी चाकांच्या आऱ्या लाकडाच्या असत. त्या जळून गेल्या की चाकच उरत नसे. नवी आरी कापून, तासून, तुंब्यात आणि धावेत अचूक बसवणे हे काम सोइचिरोच्या हाताला लागले. पुढे स्वतःचे गॅरेज काढल्यावर त्यांनी ओतीव लोखंडाच्या आऱ्या तयार करून त्यांचे पेटंट घेतले, ते याच अनुभवातून. मोटार कशी बनते हे त्यांनी पुस्तकातून शिकले नाही. ती कशी मोडते, कुठे जळते, कुठे गंजते आणि शेवटी तिच्यातले काय शिल्लक राहते, हे पाहत पाहत ते मोटारीच्या उगमापर्यंत उलटे गेले.

अठराव्या वर्षी त्यांना उत्तरेकडील मोरिओका गावी अग्निशामक गाडी दुरुस्त करण्यासाठी पाठवण्यात आले. टोकियोहून आलेला तज्ज्ञ म्हणजे हा पोरगा, हे पाहून यजमानांचा विरस झाला. खाणावळीत त्यांना मोलकरणीच्या खोलीशेजारची जागा मिळाली. त्यांनी इंजिन सुटे सुटे करून मांडले तेव्हा आता ही गाडी कायमची गेली असेच सर्वांना वाटले. तिसऱ्या दिवशी इंजिन जोडून झाले, पंपातून पाणी उडाले आणि त्या रात्री त्यांना सर्वांत चांगली खोली मिळाली. सुट्या भागांचा तो पसारा पाहून घरच्यांच्या पोटात उठणारा गोळा जुनी मोटार घरी उघडणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे.

याच काळात साकाकिबारांच्या गॅरेजात एक शर्यतीची मोटार तयार झाली. कर्टिस विमानाचे टाकून दिलेले आठ सिलिंडरांचे इंजिन आणि मिचेल या अमेरिकन मोटारीची चासी यांची ती जोडगोळी. 23 नोव्हेंबर 1924 रोजी त्सुरुमी येथील शर्यतीत मालकाचे धाकटे बंधू शिनइची यांनी ती चालवली, शेजारी मेकॅनिक म्हणून सोइचिरो बसले, आणि ती पहिली आली. ही मोटार आजही मोतेगी येथील होंडा संग्रहालयात जपून ठेवली आहे.

1928 साली साकाकिबारांनी त्यांना आर्ट शोकाईचे नाव वापरून हामामात्सुत शाखा काढण्याची परवानगी दिली. धंदा उत्तम चालला. 1935 मध्ये साची यांच्याशी विवाह झाला. पुढल्याच वर्षी, 7 जून 1936 रोजी, तामागावाच्या शर्यतीत त्यांची मोटार दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. चेहरा, खांदा, मनगट यांना जबर इजा झाली. सोबत बसलेले धाकटे बंधू बेंजिरो त्यांच्याहूनही अधिक जखमी झाले.

दुरुस्तीच्या धंद्यातून निर्मितीकडे वळण्याचा विचार त्यानंतर बळावला. त्यांनी पिस्टन रिंग करायचे ठरवले. बोटाएवढी दिसणारी ही लोखंडी कडी सिलिंडरच्या भिंतीला घासत हजारो मैल चालते. ती ठिसूळ असली तर तुटते, मऊ असली तर झिजते. होंडांच्या रिंगा धड होईनात. बरेच दिवस रात्रंदिवस भट्टीपाशी काढल्यानंतर ते हामामात्सुच्या तंत्रविद्यालयातील एका प्राध्यापकांकडे गेले. नमुना तपासून त्यात सिलिकॉन कमी असल्याचे त्यांना सांगण्यात आले. सिलिकॉन नावाचा घटक ओतीव लोखंडात असावा लागतो हेच त्यांना तोवर माहीत नव्हते. तिशी ओलांडलेला हा कारखानदार मग विद्यार्थ्यांबरोबर वर्गात बसू लागला. रिंगांच्या उपयोगाचे तेवढे ऐकायचे आणि परीक्षेला बसायचे नाही हा त्यांचा शिरस्ता. अखेर विद्यालयाने त्यांचे नाव काढून टाकले. तरीही टोयोटाकडे पाठवलेल्या पहिल्या 50 रिंगांपैकी फक्त 3 स्वीकारल्या गेल्या.

येथे बिदरची आठवण येते. तेथील बिदरी कारागीर जस्त आणि तांब्याचा रस मातीच्या साच्यात ओततो, वर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतो आणि शेवटी किल्ल्यातील जुनी माती नवसागराबरोबर उकळून त्या पाण्याने भांडे काळे करतो. चांदी उजळ राहते आणि जस्ताचा भाग तेवढा काळा पडतो. कोणती माती चालेल हे कारागीर ती जिभेवर ठेवून ओळखतात. रसायनशास्त्राने त्याचे कारण सांगण्याआधी कित्येक पिढ्या हे ज्ञान हातात होते. होंडांची वाट उलट दिशेची. हाताचे ज्ञान जेथे संपले तेथे शास्त्राच्या दारात जाऊन बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हाच माणूस पुढे तीस वर्षांनी आपल्याच कारखान्यातील तरुण शास्त्रज्ञांचे ऐकायला तयार होईना, ही त्यांच्या आयुष्यातली खरी गाठ आहे.

युद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले आणि जानेवारी 1945 मधल्या भूकंपाने उरलेसुरले पाडले. युद्ध संपताच त्यांनी कंपनी 4,50,000 येनांना टोयोटा समूहाला विकली आणि एक वर्ष काहीही न करता घालवले. घरी दारू गाळली, मित्र जमवले. 1946 च्या ऑक्टोबरात हामामात्सुत एक लहानशी शेड उभी राहिली. लष्कराच्या बिनतारी यंत्रांना वीज पुरवणारी लहान इंजिने युद्धानंतर बेवारस पडली होती. ती सायकलीला जोडायची ही कल्पना. पेट्रोलची टाकी म्हणून अंथरूण गरम ठेवण्याची घरातली पाण्याची पिशवीवजा बाटली वापरली. साचीबाईंना तिच्यावर बसवून गावातून फिरायला पाठवले. बाईमाणसाला चालवता येते का हे पाहायचे होते, आणि जाहिरातही होणार होती. पुढे जगात दहा कोटींहून अधिक विकल्या गेलेल्या सुपर कबचे मूळ या टाकाऊतून जोडलेल्या सायकलीत आहे.

24 सप्टेंबर 1948 रोजी होंडा मोटर कंपनीची स्थापना झाली आणि 1949 मध्ये ताकेओ फुजिसावा त्यांना येऊन मिळाले. पैसा आणि विक्री फुजिसावांकडे, यंत्र होंडांकडे, अशी वाटणी झाली व ती अखेरपर्यंत पाळली गेली. होंडांनी आपला अधिकृत शिक्काही फुजिसावांच्या हवाली केला. लहानपणी बनावट शिक्का करणाऱ्याने खरा शिक्का दुसऱ्याच्या हाती द्यावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कारखान्यात मात्र त्यांचा धाक होता. चूक दिसली की ते ओरडत, प्रसंगी हातही उगारत. चरित्रकार याला तळमळ म्हणतात. ज्यांना मार बसला त्यांना ती तळमळ तेव्हा तशी वाटली असेल का, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

साठच्या दशकाच्या आरंभी जपानी सरकारने नवा कायदा करण्याचे ठरवले. अस्तित्वात असलेल्या मोजक्याच कंपन्यांना मोटारी करू द्यायच्या आणि नव्यांना दार बंद करायचे, असा त्याचा रोख होता. कायदा होण्याआधी आपण मोटार करणारे आहोत हे सिद्ध करणे होंडांना भाग होते. 1962 च्या जूनमध्ये सुझुका येथे छोटी स्पोर्ट्स कार दाखवण्यात आली. तेव्हा जपानमध्ये लाल रंग अग्निशामक गाड्यांसारख्या वाहनांसाठी राखीव होता. होंडांनी त्याविरुद्ध जाहीर टीका केली आणि अखेर लाल मोटारीला परवानगी मिळवली. 1963 च्या ऑगस्टमध्ये छोटा ट्रक आला, ऑक्टोबरमध्ये एस-500 ही स्पोर्ट्स कार. तो कायदा पुढे बारगळला.

1964 मध्ये एस-600 आली. तिचे इंजिन अवघे 606 सीसीचे, पण मिनिटाला 8,500 फेऱ्यांवर 57 अश्वशक्ती देणारे. चार सिलिंडरांना चार कार्ब्युरेटर, वर दोन कॅमशाफ्ट, क्रँकशाफ्टला सुईसारख्या बारीक रोलरांची बेअरिंगे. मागील चाकांना शक्ती पोहोचते ती साखळीने. प्रत्येक चाकाची साखळी तेलाने भरलेल्या पेटीत फिरते आणि तीच पेटी चाकाला आधार देणाऱ्या दांड्याचे काम करते. त्यामुळे वेग देताच या मोटारीचा मागचा भाग खाली दबण्याऐवजी वर उचलला जातो. मोटारसायकली करणाऱ्या माणसाने केलेली ही मोटार, हे तिचे आवरण काढल्याबरोबर कळते.

साठ वर्षांनंतर अशी गाडी जो घरी उघडतो त्याला होंडांच्या स्वभावाशीच झुंजावे लागते. पत्र्याचे काम त्यातल्या त्यात सोपे. दाराखालच्या पट्ट्या, तळ आणि चाकांवरच्या कमानी यांत पाणी साचून गंज आतून बाहेर येतो. रंगावर फुगलेला एक फोड पटाशीने खरवडला की पंजाएवढे भोक निघते. कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, नवा तुकडा वळवून वेल्ड करायचा आणि वर जस्तयुक्त अस्तर द्यायचे. बिदरीत नक्षीची पार्श्वभूमी होणारे जस्त येथे लोखंडाच्या आधी स्वतः झिजून त्याला वाचवते. सुदैवाने या मोटारीला खाली स्वतंत्र चासी आहे, त्यामुळे बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. खरी परीक्षा इंजिनात असते. रोलरांवर चालणारी ती क्रँक अनेक तुकड्यांची दाबून जोडलेली असते. तिला हात घालणारा कारागीर विरळा. चार कार्ब्युरेटर एका श्वासात आणायला कान लागतो. घाईने जोडलेली, अंदाजाने कसलेली कोणतीही गोष्ट हे इंजिन खपवून घेत नाही.

1964 मध्येच होंडा फॉर्म्युला वनमध्ये उतरली आणि 1965 साली मेक्सिकोत रिची गिंथर यांनी तिला पहिला विजय मिळवून दिला. त्यानंतरचा भाग मात्र दुःखाचा आहे. इंजिन हवेने थंड व्हावे, पाण्याने नव्हे, यावर सोइचिरो होंडा हटून बसले. पाणी थंड करणारी हवाच असेल तर मधली नळ्या-टाक्यांची उठाठेव कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. तो दुरुस्ती करणाऱ्याचा होता: जो भागच नाही तो गळत नाही आणि गंजतही नाही. 7 जुलै 1968 रोजी फ्रान्समधील रुआँ येथे हवेने थंड होणारी शर्यतीची नवी मोटार जो श्लेसर यांच्या हाती देण्यात आली. संघाचे चालक जॉन सर्टीज यांनी ती तयार नसल्याचे सांगून नाकारली होती. ओल्या रस्त्यावर सुरुवातीच्या फेऱ्यांतच ती घसरली, उलटली आणि पेटली. मॅग्नेशियमच्या भागांमुळे आग आवरेना. श्लेसर त्यात गेले. जळालेल्या मोटारींतून ज्यांची विद्या उभी राहिली होती, त्यांच्या हट्टाच्या मोटारीने एका माणसाचा बळी घेतला.

होंडा तरीही लगेच बदलले नाहीत. 1969 साली हवेने थंड होणारी एच-1300 ही मोटार बाजारात आली. ती जड, गुंतागुंतीची आणि महाग निघाली. धुराचे प्रदूषण कमी करायचे तर इंजिनाचे तापमान काटेकोर राखले पाहिजे आणि ते पाण्यानेच साधेल, असे संशोधन विभागातील तरुण सांगत होते. त्यांचे म्हणणे फुजिसावांनी होंडांपुढे ठेवले, आणि कंपनीचा अध्यक्ष म्हणून राहायचे की तंत्रज्ञ म्हणून, हे ठरवायला सांगितले. बराच वेळ गप्प राहून होंडांनी अध्यक्षपद निवडले आणि पाण्याच्या इंजिनाला संमती दिली. त्यातून सिव्हिक आली आणि कमी धूर सोडणारे इंजिन आले. त्या इंजिनामुळे आता मोठ्या कंपन्यांना गाठता येईल, असे ते एकदा बोलून गेले. आम्ही हे कंपनीसाठी करत नसून समाजासाठी करत आहोत, असे तरुण अभियंत्यांनी सुनावले, तेव्हा आपली वेळ झाली हे त्यांनी ओळखले. 1973 च्या ऑक्टोबरमध्ये होंडा आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. होंडांचे वय तेव्हा 66 होते.

निवृत्तीनंतर त्यांनी एक वेगळीच यात्रा काढली. देशभरातील कंपनीचे कारखाने, दुकाने आणि लहानसहान दुरुस्तीकेंद्रे यांना भेट देऊन प्रत्येक कामगाराशी हस्तांदोलन करायचे. कोठे दोन-चारच माणसे असत, तेथेही ते गेले. एका ठिकाणी एक तरुण मेकॅनिक हात पुढे करता करता थांबला; हात तेलाने बरबटला होता, तो धुवायला पळू लागला. होंडांनी त्याला अडवले, तोच हात दोन्ही हातांत घेतला आणि मग आपल्या तळव्याला लागलेल्या तेलाचा वास घेतला. त्यांचा स्वतःचा डावा हात हत्यारांच्या जुन्या जखमांनी भरलेला होता. कोणती खूण कोणत्या कामाची, हे ते बोट ठेवून सांगत. 5 ऑगस्ट 1991 रोजी टोकियोत वयाच्या 84 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लोकांच्या गर्दीने रस्ते अडतील आणि मोटार करणाऱ्यांनी तेवढे तरी करू नये, म्हणून कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढू नये असे त्यांनी आधीच बजावून ठेवले होते, आणि त्याप्रमाणेच झाले.